आटे

भैरवीनं दोन कागद ठेवले ताटाशेजारी.
एकावर तयार डबा: अठ्ठ्याहत्तर हजार, तीन वर्षांची वॉरंटी,
आणायचा, वायर लावायची, खेळायला बसायचं.
दुसऱ्यावर तिनंच लिहिलेली यादी, नऊ ओळी,
खाली बेरीज, बेरजेत एक खाडाखोड:
एकोणसत्तर हजार चारशे.
"तयारच घेऊया बाबा," म्हणाली, "कशाला डोक्याला ताप?"

आमटी ओरपत मी यादी वाचली.
प्रोसेसर. मदरबोर्ड. रॅमच्या दोन काड्या.
ग्राफिक कार्डापुढं तीन चांदण्या काढलेल्या.
खेळातलं मला काय कळतंय?
रात्री हेडफोन लावून धारवाडच्या कुणा पोराला
"यडक्क बारो, यडक्क" म्हणून ओरडते,
आणि मेली की मराठीत चरफडते.

एवढंच, की एकवीस वर्षं
उद्यमबागेत लेथवर उभा आहे.
बुश काढले, कपलिंग काढली,
कुठल्याशा पंपाचा शाफ्ट तर चार वर्षं नुसता तोच.
पेट्यांत भरून गेला. पुण्याला, होसूरला,
एकदा जर्मनीला, म्हणे.
तो पंप मी पाहिला नाही.
पाणी ओढताना आवाज कसा करतो, ठाऊक नाही.

हे काही तिला बोललो नाही.
म्हटलं, "साडेआठ हजार वाचतात की गं."

खडेबाजारात ईरण्णाचं दुकान.
पाटी कानडीत, बिल इंग्रजीत, घासाघीस मराठीत.
माणूस सरळ. म्हणाला,
"अण्णा, तयार नेला तर बिघडल्यावर मला शिव्या द्याल.
स्वतः जोडला तर कुणाला देणार? बघा विचार करून."
तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.
काचेमागं तयार डबा निळा-जांभळा पेटत होता.
खरं सांगू,
क्षणभर मलाही तोच घ्यावासा वाटला.

रविवारी जमिनीवर चादर अंथरली.
मालन म्हणाली, "माझी चांगली चादर,"
आणि कडेला बसून राहिली.
प्रोसेसर भैरवीनं असा टेकवला,
जसं झोपलेलं पोर खाली ठेवावं.
रॅम मात्र बसेना. "मोडेल हो बाबा."
"थोडं चेपूनच बसतंय ते. दोन्ही अंगठे. भिऊ नको."
खट्.
तो आवाज ओळखीचा.

मग एक स्क्रू अर्ध्यात अडला.
"थांब. उलटा फिरव. जोर लावलास तर आटे मारशील."
पुड्या दोन, स्क्रू दिसायला सारखेच.
कपाटातलं व्हर्नियर काढलं:
एक बरोबर तीन मिलिमीटर,
दुसरा साडेतीनच्या आसपास, आटे इंचाचे.
"एकाच डब्यात दोन मापं? असं का?"
"असतंय. आमच्याकडं पण असतंय.
ज्याचं भोक त्याला द्यायचं, भांडण नाही."
मालन हसली. का, ते विचारलं नाही.

संध्याकाळी बटण दाबलं.
पंखे फिरले, पडदा काळा.
पाऊण तास काळाच.
तिच्या डोळ्यांत तयार डबा दिसायला लागला मला.
सगळं उकललं, पुन्हा लावलं,
शेवटी कळलं, पडद्याची वायर
कार्डात नाही, बोर्डात खोचली होती.
मीच.

मग पांढरी अक्षरं आली.
चालवायला काही सापडत नाही, असं म्हणाला तो.
ती ओरडली जसं काही जिंकलीच.

रात्री अडीचला उठलो पाणी प्यायला.
खेळ उतरत होता, तेवीस टक्के.
ती खुर्चीतच झोपलेली.
उघड्या बाजूनं कान लावला डब्याला.
पुढच्या पंख्याला किंचित घरघर आहे.
उद्या दुसरी पाळी, सकाळी बघता येईल.

चादरीवर एक स्क्रू उरला होता.
इंचाचा.
कुठला, ते अजून कळलेलं नाही.